औषध आहे, निदान कुठे आहे, मोजमाप कुठे आहे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात विकसित झालेल्या पहिल्या कार-टी पेशी उपचाराला नियामक मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटी मुंबईच्या प्रांगणात राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल येथील संशोधकांच्या या कामाचा गौरव सर्व भाषांतील विज्ञानवार्तांनी केला आणि तो रास्तच होता. परंतु याच वार्तांना एक जुनी खोड आहे. नवे औषध ही त्यांच्या लेखी बातमी असते. ते औषध योग्य रुग्णापर्यंत, योग्य मात्रेत आणि योग्य वेळी पोहोचते की नाही, ही बातमी नसते. या खोडीची किंमत कोण मोजते हे पाहायचे असेल, तर बहुतेक वाचकांनी नावही ऐकले नसेल अशा एका दुर्मिळ आजाराकडे पाहावे. तो आजार म्हणजे लहान मुलांच्या मेंदूत उद्भवणारा प्राथमिक लिम्फोमा.

या आजारावरचे मुख्य औषध सत्तर वर्षांहून जुने आहे. ते भारतात तयार होते आणि कर्करोगावरील औषधांच्या मानाने स्वस्त आहे. तरीही बरे होऊ शकणारे मूल हातचे जाते, ते मुख्यतः दोन कारणांनी. स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी गाठीचा तुकडा तपासला जात नाही, आणि औषध दिल्यानंतर त्याचे रक्तातील प्रमाण मोजले जात नाही. या दोन्ही गोष्टींसाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. गरज आहे ती शिस्तीची आणि तरतुदीची.

प्रथम आजार समजून घ्यावा. लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. एरवी तो मानेतील वा काखेतील लसीकाग्रंथी, छाती किंवा पोट येथे दिसतो. प्राथमिक मेंदू-लिम्फोमात मात्र तो केवळ मेंदू, मज्जारज्जू, त्यांची आवरणे किंवा डोळा एवढ्यापुरता मर्यादित असतो. शरीरात अन्यत्र त्याचा मागमूस नसतो. हा प्रामुख्याने उतारवयातला आजार असून, त्याच्या एकूण रुग्णांत मुले व किशोर यांचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे. मुलांत बहुधा मोठ्या बी-पेशींचा प्रकार आढळतो. काही जणांत बर्किट किंवा ॲनाप्लास्टिक हे प्रकारही दिसतात. जन्मजात प्रतिकारदोष, एचआयव्हीचा संसर्ग किंवा अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांमुळे धोका वाढतो. अशा मुलांत एप्स्टीन-बार विषाणूचा हात अनेकदा असतो. मात्र ज्याच्या प्रतिकारशक्तीत कोणतेही वैगुण्य नाही अशा मुलालाही हा आजार होतो. डोकेदुखी, उलट्या, आकडी, एका बाजूची कमजोरी, दुहेरी दिसणे, वागण्यातला बदल ही त्याची लक्षणे. यांतले एकही लक्षण केवळ याच आजाराचे नाही.

हा आजार असाध्य मानावा काय? उपलब्ध पुरावा तसे म्हणत नाही. २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने अनेक केंद्रांतून गोळा केलेल्या २९ मुलांची व किशोरांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी २० जणांना प्रारंभी केवळ केमोथेरपी मिळाली होती, तर ९ जणांना तिच्या जोडीला डोक्यावर किरणोपचार. तीन वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. २९ ही संख्या लहान आहे आणि ही पाहणी उपचार होऊन गेल्यानंतर नोंदींवरून केलेली आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. तरीही प्रौढांच्या तुलनेत मुलांत या आजाराचा निकाल बराच चांगला लागतो, आणि बहुसंख्य मुलांना प्रथम किरणांवाचून उपचार देता येतात, एवढे या नोंदींतून निश्चित दिसते. निदान चुकल्यास जे गमावले जाते ते मरणाच्या दारातले काही महिने नव्हेत, तर एक पुरे आयुष्य असते.

आता पहिली चूक. आकडी आलेल्या मुलाचा एमआरआय होतो. मेंदूत गाठ आणि तिच्याभोवती सूज दिसते. सूज उतरावी म्हणून तातडीने डेक्सामेथासोन सुरू केले जाते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात असल्यामुळे, आणि फीतकृमीच्या अळ्यांमुळे मेंदूत होणारा सिस्टिसरकोसिस हे येथे आकडीचे एक प्रमुख कारण असल्यामुळे, पहिला संशय क्षयाच्या गाठीचा किंवा कृमीचा येतो. क्षयाची औषधे स्टेरॉइडच्या जोडीने सुरू होतात. आठवड्याभरात डोकेदुखी थांबते, पुढच्या एमआरआयमध्ये गाठ लहान दिसते, आणि औषध लागू पडले म्हणजे आजार क्षयच होता, असा निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष तर्कदृष्ट्या सदोष आहे. दोन उपचार एकत्र दिले असतील आणि त्यांतला एक क्षयाची सूज, कृमीची सूज व लिम्फोमा या तिघांवरही परिणाम करणारा असेल, तर झालेली सुधारणा कोणत्याच निदानाचा पुरावा ठरत नाही. स्टेरॉइड लिम्फोसाइट पेशींना थेट मारते. त्यामुळे लिम्फोमाची गाठ काही दिवसांत वितळल्यासारखी दिसू शकते. ही सुधारणा टिकत नाही. काही आठवड्यांत वा महिन्यांत गाठ परत येते, कित्येकदा अन्य जागी. मधल्या काळात तुकडा काढला, तर सूक्ष्मदर्शकाखाली मृत पेशी आणि साफसफाई करणाऱ्या पेशी यांपलीकडे फारसे काही सापडत नाही. ‘निश्चित निदान करता येत नाही’ असा अहवाल येतो, आणि तो अहवालच पुन्हा क्षयाच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरला जातो.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. क्षय आणि सिस्टिसरकोसिस यांनी ग्रासलेल्या देशात मेंदूत गाठ दिसलेल्या प्रत्येक मुलाच्या कवटीला छिद्र पाडायचे काय? आक्षेप रास्त आहे. पण तशी मागणी कोणी करीतच नाही. एमआरआयमध्ये अळीचे डोके स्पष्ट दिसत असेल, तर तुकड्याची गरज नाही. छातीत क्षय सापडला, सीबीनॅट तपासणीत जंतू मिळाला, घरात क्षयरुग्ण असून गाठीचे स्वरूपही क्षयाशी जुळते, तर क्षयाचा उपचार करणे योग्यच. मागणी आहे ती न जुळणाऱ्या चित्रासाठी. गाठ भरीव आहे आणि रंगद्रव्य दिल्यावर सर्वत्र सारखी उजळते. ती मेंदूच्या खोल भागात किंवा द्रवाने भरलेल्या पोकळ्यांलगत आहे. पेशींची दाटी सुचवणारी खूण एमआरआयमध्ये आहे. आणि शरीरात अन्यत्र क्षयाचा पुरावा नाही. अशा वेळी ‘भारतात आहे म्हणजे क्षयच’ हे संख्याशास्त्राचे नव्हे, सवयीचे अनुमान होय. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या मुलांत तर लिम्फोमाची गाठही कड्यासारखी दिसू शकते. तेथे केवळ चित्रावर विसंबणे अधिकच धोक्याचे.

अशा मुलाला स्टेरॉइडपूर्वी काय हवे? एचआयव्हीची चाचणी, नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यांची तपासणी, मेंदूतील दाब परवानगी देत असेल तर पाठीतील पाण्याची पेशीतपासणी, आणि सुईने काढलेला लहानसा तुकडा. पूर्ण गाठ काढण्याची शस्त्रक्रिया नव्हे. कारण हा आजार दिसणाऱ्या गाठीपलीकडे मेंदूत पसरलेला असतो आणि गाठ कापल्याने तो संपत नाही. दाब इतका वाढला असेल की मुलाचा जीव धोक्यात आहे, तर स्टेरॉइड द्यावेच लागते. त्या स्थितीत ते केव्हा आणि किती दिले हे ठळकपणे नोंदवावे, तुकडा शक्य तितक्या लवकर काढावा, आणि अहवाल अनिर्णित आला तर स्टेरॉइड क्रमाने थांबवून मुलावर बारीक लक्ष ठेवावे व गाठ पुन्हा दिसताच पुन्हा तुकडा घ्यावा. यात महागडे काही नाही. न्यूरोसर्जन, बालरोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी पहिल्या दिवशी एकमेकांशी बोलणे एवढेच त्यात अवघड आहे.

दुसरी चूक औषध सुरू झाल्यानंतरची. या आजाराचा कणा असलेल्या मेथोट्रेक्सेटच्या इतिहासात मुंबईचा वाटा आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज वैद्यक संशोधिका मुंबईत आल्या आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांमधील तीव्र पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये जगापुढे मांडले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार झाले, आणि पाठोपाठ त्याला विरोध करणारे रेणूही. त्यांपैकी अमिनॉप्टेरिन वापरून सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त मुलांत तात्पुरता का होईना, पण पहिला उतार मिळवला. ती नोंद १९४८ मधली. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातले. सुब्बारावांवर टपाल तिकीट काढणाऱ्या देशाने त्यांच्या प्रयोगशाळेचे औषध नीट वापरण्याची सोय किती रुग्णालयांत केली, हा प्रश्न त्यांच्या जयंतीला विचारायला हवा.

नीट वापरणे म्हणजे काय? संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्याला काही मिलिग्रॅम दिले जाते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत बहुतेक औषधांना आत शिरू देत नाही. तो अडसर ओलांडून आत पुरेसे औषध पोहोचावे म्हणून मेंदूच्या लिम्फोमात शरीराच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागामागे किमान ३ ग्रॅम, आणि मुलांच्या अनेक उपचारपद्धतींत ५ ते ८ ग्रॅम इतकी मात्रा द्यावी लागते. ही मात्रा एरवी मारकच ठरेल. ती सुसह्य होते ती ल्युकोव्होरिनमुळे. फॉलिक ॲसिडचेच हे रूप साधारणतः २४ ते ३६ तासांनी सुरू करून निरोगी पेशींना वाचवले जाते. त्यासोबत शिरेतून भरपूर पाणी, लघवी आम्लधर्मी होऊ न देण्याची दक्षता, मूत्रपिंडाची रोजची तपासणी, आणि २४, ४८ व ७२ तासांना रक्तातील मेथोट्रेक्सेटचे मोजमाप आवश्यक असते. प्रमाण अगदी अल्प, म्हणजे साधारणतः ०.१ ते ०.२ मायक्रोमोल प्रतिलिटर इतके उतरेपर्यंत ल्युकोव्होरिन चालू राहते. को-ट्रायमॉक्साझोल किंवा वेदनाशामक गोळ्या यांसारखी नेहमीची औषधेही या काळात घातक ठरू शकतात. कारण त्यांच्यामुळे मेथोट्रेक्सेट शरीरात रेंगाळते.

हे मोजमाप स्वयंचलित इम्युनोॲसे यंत्रावर होते. तंत्र जुने, रुळलेले. तरीही मोठ्या शहरांबाहेरच्या अनेक रुग्णालयांत ते जागेवर उपलब्ध नसते. मग डॉक्टरपुढे दोन वाईट पर्याय उरतात. मात्रा कमी करावी, तर औषध मेंदूत पुरेसे पोहोचत नाही आणि उपचार दिल्याचा केवळ आभास होतो. पूर्ण मात्रा अंधारात द्यावी, तर मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका. प्रमाण विषारी पातळीवर राहिले तर ते तोडणारे ग्लुकार्पिडेज हे विकर अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झाले. परंतु त्याची किंमत सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्यापलीकडची आहे. ज्या देशात शेवटचा उपाय परवडत नाही, त्या देशात धोक्याची सूचना देणारी तपासणी अधिक सहज मिळायला हवी. प्रत्यक्षात उलट आहे. भारतातील काही डॉक्टरांनी औषधाची पातळी न मोजताही, मूत्रपिंडावर काटेकोर नजर ठेवून आणि पाणी व ल्युकोव्होरिन अधिक काळ देऊन, हा उपचार बऱ्यापैकी सुरक्षितपणे करता येतो हे दाखवले आहे. त्यांचे कौशल्य वंदनीय आहे. पण नाइलाजातून निघालेल्या मार्गाला धोरणाचे रूप देणे, हा त्या कौशल्याचा सन्मान नव्हे.

येथे तिसरा, सोपा वाटणारा मार्ग पुढे येतो: संपूर्ण मेंदूला किरण देणे. गाठ त्वरेने लहान होते, रक्तातील पातळीची चिंता नसते, काही आठवड्यांत उपचार पुरा होतो. परंतु केवळ किरणांनी हा आजार सहसा कायमचा जात नाही. वाढत्या मेंदूवर त्याचे परिणाम मात्र कायमचे राहतात: स्मरणशक्ती व शिकण्याची गती मंदावणे, संप्रेरकांची कमतरता, वाढ खुंटणे, आणि पुढे कधीतरी दुसरा कर्करोग. मूल जितके लहान, तितके नुकसान मोठे. रक्ताच्या कर्करोगात मुलांच्या डोक्याला किरण देणे ही अनेक वर्षे रूढ पद्धत होती. परिणामकारक केमोथेरपी असेल तर ते टाळता येतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. आजार उलटला किंवा औषधांना दाद देत नसेल, तर किरणांना आपले स्थान आहे. तपासणीची सोय नाही म्हणून ते पहिल्याच दिवशी वापरणे, ही रुग्णालयाच्या उणिवेची भरपाई मुलाच्या बुद्धीतून करणे होय.

‘इतक्या दुर्मिळ आजारासाठी एवढा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न व्यवहारी वाटतो. पण त्याच्यामागचा हिशेब चुकीचा आहे. मेथोट्रेक्सेटची पातळी मोजणारे यंत्र केवळ मेंदू-लिम्फोमासाठी नसते. मुलांतील सर्वांत सामान्य कर्करोग असलेला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया आणि बर्किट लिम्फोमा या दोहोंत हेच औषध मोठ्या मात्रेत लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू करून २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचवण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी निवडलेल्या सहा कर्करोगांत हे दोन्ही आहेत. हाडांच्या ऑस्टिओसार्कोमासाठी भारतात मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट टाळणारी उपचारपद्धती तयार करण्यात आली, कारण तेथे अन्य औषधांचा आधार होता. मेंदूच्या लिम्फोमाला अशी पळवाट नाही. म्हणूनच हा दुर्मिळ आजार साऱ्या व्यवस्थेची खरी परीक्षा घेतो. जे केंद्र या मुलाला नीट सांभाळू शकते, ते ल्युकेमियाच्या शेकडो मुलांनाही अधिक सुरक्षित ठेवते.

दुर्मिळतेचा उपाय उपेक्षा नव्हे, सहकार्य आहे. प्रौढांत मेथोट्रेक्सेटला सायटाराबिनची जोड दिल्याने अधिक रुग्णांत गाठ पूर्ण नाहीशी होते, हे २००९ मध्ये सिद्ध झाले ते सहा देशांतील केवळ ७९ रुग्णांच्या चाचणीतून. भारताजवळ २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे आणि बालरक्त-कर्करोगतज्ज्ञांचा राष्ट्रीय अभ्यासगटही आहे. या मुलांची एक सामायिक राष्ट्रीय नोंदवही ठेवणे, संशयित मुलाचा एमआरआय स्टेरॉइडपूर्वी तज्ज्ञगटाला दाखवणे, लहान रुग्णालयातील रक्ताचा नमुना जवळच्या मोठ्या केंद्रात त्याच दिवशी तपासून कळवणे, ही कामे अस्तित्वात असलेल्या जाळ्यावरच उभी राहू शकतात. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. त्यातील दर ठरवताना औषधाच्या बाटलीइतकेच ल्युकोव्होरिनचे दिवस आणि रक्तपातळीच्या तपासण्याही हिशेबात धरल्या पाहिजेत. कारण त्यांच्यावाचून ती बाटली हे विष आहे.

राहिला प्रश्न नव्या उपचारांचा. रिटुक्सिमॅबची जगातील पहिली जैवसदृश आवृत्ती २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने आणली आणि ते औषध असंख्य लिम्फोमा रुग्णांच्या आवाक्यात आले. भारतीय कार-टीही परदेशी उपचाराच्या सुमारे दशांश खर्चात मिळते. दोन्ही यशे खरी आहेत. परंतु दोन्ही उपचारांना आधी निदान लागते, आणि कार-टी तर पहिल्या उपचारांनंतरही उलटलेल्या किंवा दाद न देणाऱ्या आजारासाठी आहे. ज्या मुलाच्या फायलीवर ‘क्षय’ लिहिले आहे, त्याच्यासाठी ना रिटुक्सिमॅब, ना कार-टी. नवे विज्ञान जुन्या विज्ञानाच्या खांद्यावर उभे असते, आणि खालचा माणूस उपाशी ठेवून वरच्याला हार घालण्यात शहाणपण नाही.

विज्ञान शिकणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी यापुढे नव्या औषधाची बातमी आली की दोन प्रश्न विचारावेत. आपल्या जिल्ह्याजवळच्या रुग्णालयात मेंदूत गाठ असलेल्या मुलाला स्टेरॉइडची पहिली मात्रा देण्यापूर्वी तुकडा घ्यायचा की नाही, हे कोण ठरवते? आणि मेथोट्रेक्सेट दिल्यानंतर ४८व्या तासाला त्याच्या रक्ताचा आकडा कोणाच्या हातात असतो? या प्रश्नांना नाव-पत्त्यासह उत्तर मिळेल त्या दिवशी एका दुर्मिळ आजाराचाच नव्हे, तर देशातील बालकर्करोगाच्या उपचारांचा पाया पक्का झाला असे म्हणता येईल. तोवर कार-टीच्या बातमीशेजारी ही न छापलेली बातमीही वाचली पाहिजे.